रॉबर्ट हूक : दग्ध लंडनचा मोजणीदार

शाळेत पदार्थविज्ञानाचा ओनामा गिरविलेल्या प्रत्येकास हूकचा नियम ठाऊक असतो. स्प्रिंगला जितका ताण द्यावा तितक्या प्रमाणात ती लांबते, एवढे सांगून पुस्तक पुढच्या धड्याकडे वळते. हा हूक कोण, कोठला, त्याने पोटापाण्यासाठी काय केले, हे विचारण्याचे कोणास सुचत नाही. जीवशास्त्राचा अभ्यास करणारास तो आणखी एका निमित्ताने भेटतो. बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यातील चिमुकल्या कप्प्यांना पेशीवाचक नाव प्रथम त्यानेच दिले. परंतु हाच पंडित आपल्या ऐन उमेदीची कित्येक वर्षे मोजणीची दोरी व वही घेऊन जळून खाक झालेल्या लंडन शहराच्या गल्लीबोळांतून हिंडत होता आणि हजारो कुटुंबांच्या घरादुकानांचे पाये आखून देत होता, ही हकीकत आपल्याकडे फारशी कोणाच्या कानी आलेली नाही. ज्या ज्ञातीच्या घराघरांत दसऱ्याच्या दिवशी गुण्या, ओळंबा आणि वाकस यांना झेंडूची फुले वाहिली जातात, त्या ज्ञातीच्या वार्षिक अंकात या चरित्रास स्थान मिळणे सर्वथा उचित होय.

रॉबर्ट हूक यांचा जन्म १८ जुलै १६३५ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या वाइट बेटावर फ्रेशवॉटर या गावी झाला. वडील जॉन हूक हे तेथील चर्चमध्ये साहाय्यक धर्मोपदेशक होते. मूल जन्मतःच इतके अशक्त की ते जगते की नाही, याचीच घरच्यांना चिंता. डोकेदुखीमुळे पाठांतराचा अभ्यास झेपेना, म्हणून वडिलांनी त्याला त्याच्या नादावर सोडून दिले. आणि तो नाद कारागिरीचा निघाला. एक जुने पितळी घड्याळ उकललेले पाहून त्याने तसेच लाकडाचे घड्याळ बनविले व ते चाललेही. पुढे एक लहानसे गलबत, शिडे व डोलकाठ्यांसह, तयार केले. त्यावरच्या चिमुकल्या तोफांतून बार उडण्याची सोयही त्याने केली होती. हाताला असे वळण बालपणीच लागलेले माणूस पुढे कितीही मोठा पंडित झाला तरी त्याचे पांडित्य हातापासून तुटत नाही, असा या लेखकाचा अनुभव आहे.

१६४८ मध्ये वडील वारले. तेरा वर्षांचा रॉबर्ट वारसाहक्काची थोडीशी रक्कम घेऊन लंडनला आला. पीटर लेली या नामांकित चित्रकाराकडे काही दिवस उमेदवारी केली, पण रंगांच्या वासाने डोके उठू लागले आणि तो वेस्टमिन्स्टर शाळेत डॉक्टर बझ्बी या कडक पण गुणग्राही गुरूंच्या हाताखाली गेला. युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा ग्रंथ त्याने आठवड्याभरात संपविले, असे त्याचा चरित्रकार सांगतो. पुढे ऑक्सफर्ड, तेथे रॉबर्ट बॉइल यांच्याकडे साहाय्यकाची नोकरी, त्यांच्यासाठी हवेचा पंप तयार करणे, आणि तेथेच ख्रिस्टोफर रेन यांच्याशी जुळलेली जन्मभराची मैत्री. १६६२ मध्ये नव्या रॉयल सोसायटीने त्यांना प्रयोगांचे व्यवस्थापक नेमले. काम मोठे कष्टाचे, दर आठवड्यास नवे प्रयोग सिद्ध करून दाखविण्याचे. पगाराचे मात्र दीर्घकाळ नुसतेच आश्वासन. सर जॉन कटलर नावाच्या एका धनिकाने त्यांच्यासाठी वर्षाला ५० पौंडांची व्याख्यानवृत्ती जाहीर केली, पण हात आखडता घेतला. त्या पैशासाठी हूक यांना पुढे कोर्टकचेरी करावी लागली व निकाल त्यांच्या बाजूने लागला तो १६९६ मध्ये. १६६५ साली ग्रेशम कॉलेजात भूमितीच्या प्राध्यापकाची जागा मिळाली आणि त्याबरोबर राहावयास खोल्याही. त्याच वर्षी सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या सृष्टीवरचा त्यांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध होऊन त्यांचे नाव झाले. वय तीस. कीर्ती होती, पैसा नव्हता.

अशा वेळी लंडन जळाले.

रविवार, २ सप्टेंबर १६६६. मध्यरात्र उलटल्यानंतर पुडिंग लेनमधील टॉमस फॅरिनर या पाववाल्याच्या भट्टीपासून आग लागली. उन्हाळा कोरडा गेलेला, पूर्वेचा वारा सोसाट्याचा, घरे लाकडी सांगाड्याची व डांबर माखलेली. वरचा प्रत्येक मजला खालच्यापेक्षा पुढे काढलेला, त्यामुळे गल्लीच्या दोन्ही बाजूंच्या माड्या जवळजवळ एकमेकींस भिडलेल्या. टेम्स नदीकाठच्या वखारींतून तेल, चरबी, दारू व डांबर यांचे साठे. चार दिवसांत सुमारे १३,२०० घरे, ८७ चर्चे, रॉयल एक्स्चेंज ही व्यापाऱ्यांची पेठ, कारागीर व व्यापारी संघांची चाळीसांवर सभागृहे आणि सेंट पॉलचे महामंदिर अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडले. जळालेले क्षेत्र सुमारे ४३६ एकर भरले. सत्तर-ऐंशी हजार माणसे उघड्यावर आली व मूरफील्ड्सच्या मैदानात कनाती आणि झोपड्या उभारून राहिली. मालमत्तेचा आगीचा विमा ही वस्तूच त्या काळी नव्हती. निकोलस बार्बन यांनी अशा विम्याची कचेरी काढली ती चौदा-पंधरा वर्षांनंतर. ज्याचे जळाले त्याचे जळाले.

ग्रेशम कॉलेज मात्र आगीतून वाचले. शहराच्या कारभाऱ्यांनी आपले दप्तर तेथेच हलविले, व्यापारीही तेथल्याच अंगणात जमून सौदे करू लागले. रॉयल सोसायटीला दुसरीकडे जावे लागले, पण हूक यांच्या खोल्या त्यांच्याकडेच राहिल्या. त्यामुळे शहराचा महापौर, त्याचे सहकारी आणि हा तरुण भूमितिज्ञ एकाच छपराखाली वावरू लागले. पुढे जे घडले त्यात या शेजाराचा वाटा थोडा नसावा.

राख गार होण्यापूर्वीच नव्या नगराचे आराखडे पुढे येऊ लागले. रेन यांनी आठवड्याभरातच राजा दुसरा चार्ल्स याच्यापुढे आपला आराखडा ठेवला. जॉन एव्हलिन यांनी ठेवला. हूक यांनीही १९ सप्टेंबरला सरळ, काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचा आपला आराखडा सोसायटीत दाखविला व तो शहराच्या कारभाऱ्यांना पसंत पडला. हा दुसरा चार्ल्स म्हणजे पोर्तुगालच्या राजकन्येशी झालेल्या विवाहाच्या करारात ज्याला आपली मुंबई आंदण मिळाली व ज्याने ती १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड खंडाने कंपनीच्या हवाली केली, तोच होय. परंतु कागदावरचे हे सुंदर आराखडे सारे कागदावरच राहिले. जमिनीचा एकेक तुकडा कोणाच्या तरी मालकीचा, त्यावर कोणाचा तरी भाडेपट्टा, त्याखाली पोटभाडेकरू. सर्व जमीन एकत्र करून तिची नव्याने वाटणी करावयाची तर मोबदल्यास पैसा हवा, आणि शहराची तिजोरी रिकामी. शिवाय वर्ष-दोन वर्षे खल करीत बसले तर व्यापारी व कारागीर दुसरीकडे पेढ्या-दुकाने थाटतील आणि शहर कायमचे ओस पडेल, ही भीती होतीच. तेव्हा जुन्याच रस्त्यांवर, पण ते रुंद करून, जुन्याच हद्दींत घरे पुन्हा उठवावयाची असे ठरले. आराखडे बाजूस सारले गेले याची खंत पुष्कळ इतिहासकारांनी केली आहे. आम्हांस ती पटत नाही. भव्य चौक शंभर वर्षांनीही काढता येतो. ज्याचे दुकान जळाले त्याला येत्या हिवाळ्याआधी फळी मांडावयाची असते.

ऑक्टोबरात राजाच्या वतीने तिघे व शहराच्या वतीने तिघे असे सहा जण पुनर्रचनेसाठी नेमण्यात आले. राजाकडून रेन, ह्यू मे व रॉजर प्रॅट; शहराकडून पीटर मिल्स, एडवर्ड जर्मन व हूक. मिल्स हे मुळात गवंडीकामातून वर आलेले, जर्मन सुतारकाम करणाऱ्या घराण्यातले, आणि हूक ग्रंथांतून आलेले. असे त्रिकूट जमणे ही भाग्याचीच गोष्ट म्हटली पाहिजे. त्यांच्या विचारविनिमयातून ८ फेब्रुवारी १६६७ रोजी राजाची संमती मिळालेला पुनर्बांधणीचा कायदा साकार झाला. घरांचे चार वर्ग ठरले. गल्लीबोळांत दोन मजली, मध्यम रस्त्यांवर तीन मजली, हमरस्त्यांवर चार मजली, आणि रस्त्यापासून आत असलेल्या धनिकांच्या हवेल्या चौथ्या वर्गात. प्रत्येक वर्गात कोणत्या मजल्याची उंची किती, भिंतीची जाडी किती विटांची, तुळया केवढ्या, हे नेमून दिले. बाहेरची भिंत विटेची वा दगडाचीच असली पाहिजे, माडी रस्त्यावर पुढे काढावयाची नाही, आणि छपराचे पाणी वाटसरूच्या डोक्यावर न ओतता नळाने भिंतीलगत खाली आणावयाचे. दोन घरांमधील सामाईक भिंत दोघांच्या जमिनीत निम्मी निम्मी. जो आधी बांधील त्याने पुढच्यासाठी दाते सोडावेत, आणि मागाहून बांधणाराने अर्धा खर्च व्याजासह त्यास द्यावा. आपल्याकडे सामाईक भिंतीवरून ज्यांच्या दोन पिढ्या दिवाणी कोर्टात झिजल्या असतील त्यांनी हे कलम मुद्दाम लक्षात घेण्याजोगे आहे.

कारागिरांविषयीही कायद्याने एक धाडसी पाऊल टाकले. लंडनमध्ये त्या त्या संघाचा सभासद असल्याविना कोणास सुतारकाम वा गवंडीकाम करता येत नसे. आता शहराबाहेरच्या सुतार, गवंडी, वीटकर, नळकरी अशा सर्वांना तेथे काम करण्याची सात वर्षांसाठी मोकळीक मिळाली, आणि सात वर्षे काम करील त्यास ती आजन्म. जुन्या संघांस हे रुचले नाही, हे सांगावयास नकोच. रस्ते व सार्वजनिक इमारती यांच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या दगडी कोळशावर कर बसविला; १६७० मध्ये तो वाढविण्यात आला. तीन वर्षांत जो आपली जागा बांधणार नाही त्याची जागा सूचना देऊन दुसऱ्यास विकण्याचा अधिकार शहरास मिळाला.

आणि एक निराळेच न्यायालय स्थापन झाले. जुन्या भाडेपट्ट्यांत बहुधा अशी अट असे की घराची दुरुस्ती भाडेकरूने करावयाची, घर पडले तरी भाडे चालूच. म्हणजे घर जळालेले, भाडे देणे आलेच, आणि बांधून देणेही आले! अशा भाडेकरूंनी आयुष्याची कमाई ओतून मालकाच्या जागेवर घर का उभारावे? अग्निन्यायालयाचे न्यायाधीश क्लिफर्ड्स इन येथे बसून मालक व भाडेकरू यांना समोरासमोर आणीत, आणि जो बांधावयास तयार असेल त्याच्या पट्ट्याची मुदत वाढवून देत व भाडे कमी करून देत. सुमारे दीड हजार तंटे असे मिटले. न्यायाधीशांनी याबद्दल मेहनताना घेतला नाही. हे न्यायालय नसते तर हूक यांच्या खुंट्या ठोकूनही घरे उठली नसती, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता त्या खुंट्यांविषयी. १६६७ च्या मार्च महिन्यात मिल्स व हूक यांनी शहराचे मोजणीदार म्हणून शपथ घेतली आणि २७ मार्चपासून फ्लीट स्ट्रीटवर रस्त्यांची आखणी सुरू केली. आदल्या हिवाळ्यात सर्व जागांची मोजणी करण्याचा एक प्रयत्न फसला होता, कारण लोकांनी आपापल्या जागेवरचा ढिगारा उपसलाच नव्हता. राडारोड्याखाली जोती गडप, खुणेचे दगड फुटलेले, तळघरांतून महिनोन् महिने धूर निघतो आहे. १९६१ च्या जुलैत पानशेतचे पाणी ओसरल्यानंतरचे नदीकाठचे पुणे ज्यांनी पाहिले अथवा वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल त्यांना, ओळखीच्या आळीत उभे राहून आपल्या घराचा उंबरठा कोठे होता हे न उमगण्याची ती अवस्था अधिक समजावून सांगण्याचे कारण नाही. हूक आणि मिल्स यांनी प्रथम रस्त्यांच्या नव्या कडा खुंट्या ठोकून व दोरी धरून दाखविल्या. कोणी खुंटी उपटली वा सरकविली तर १० पौंड दंड किंवा तीन महिने कैद. आणि गुन्हेगार दरिद्री असला तर त्याच जागी जाहीर फटके. शिक्षेतला हा भेद आजच्या वाचकास खटकेल, खटकावाही. परंतु एका खुंटीस केवढी किंमत आली होती हे त्यावरून दिसते.

रस्ता आखला गेल्यावर घरमालकाची पाळी. ज्याला बांधावयाचे असेल त्याने शहराच्या खजिन्यात ६ शिलिंग ८ पेन्स भरून पावती घ्यावयाची. ती पावती मोजणीदारास दाखवावयाची. मोजणीदार जागेवर जाई, जुन्या पायाचे अवशेष उकरून पाही, शेजाऱ्यांना बोलावून त्यांची म्हणणी ऐके, दस्तऐवज वाची, आणि मग चतुःसीमा मोजून, कोपऱ्यांवर खुंट्या ठोकून, लांबी-रुंदी फूट-इंचांत वहीत टिपून दाखला देई. त्या दाखल्यावाचून पाया भरता येत नसे. रस्ता रुंद करण्यात ज्याच्या जागेचा काही भाग गेला असेल त्याला गेलेल्या क्षेत्राचा निराळा दाखला मिळे, व तो दाखवून शहराकडून मोबदला घ्यावयाचा. अशा सुमारे आठ हजार पायांची आखणी चार-पाच वर्षांत झाली. त्यांपैकी तीन हजारांच्या आसपास एकट्या हूक यांनी केली असावी, असा अलीकडच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. जर्मन १६६८ मध्ये व मिल्स १६७० मध्ये मरण पावले. जॉन ऑलिव्हर हे तिसरे मोजणीदार येऊन मिळाले, तरी ओझे मुख्यतः हूक यांच्या खांद्यावर राहिले.

नुसत्या मोजणीवर भागत नसे. शेजाऱ्याने खिडकी बुजविली, शेजाऱ्याच्या शौचकूपाचे पाणी तळघरात झिरपते, सामाईक भिंतीचा अर्धा खर्च तो देत नाही, दोन इंच जागा दाबली आहे, अशा शेकडो तक्रारी त्यांच्यापुढे येत. प्रत्येक ठिकाणी जाऊन, पाहणी करून, अहवाल लिहावा लागे. भूमितीच्या प्राध्यापकाला दुसऱ्याच्या मोऱ्या तपासावयास लावणे हे त्या पांडित्याचा अपव्यय आहे असे कोणी म्हणेल. हूक यांनी मात्र ही कामे टाळल्याचे दिसत नाही. ज्यांनी त्यांना जवळून पाहिले त्या जॉन ऑब्री यांनी त्यांच्या सद्‌गुणांची व चांगुलपणाची आवर्जून नोंद करून ठेवली आहे. ज्या कामात दोन इंच इकडे की तिकडे यावर एखाद्याचे नशीब ठरते, आणि ज्या कामात कोणी खिशात गुपचूप काही सरकवू पाहणे अगदी स्वाभाविक असते, त्या कामात शहराने वर्षानुवर्षे त्यांच्यावर विश्वास टाकला, हे प्रशस्तिपत्र लहान नव्हे.

शहर झपाट्याने उठले. नॉर्वेहून इमारती लाकूड येत होते, आसपासच्या मैदानांतून विटांच्या भट्ट्या पेटल्या होत्या. गिल्डहॉलपासून नदीपर्यंत किंग स्ट्रीट व क्वीन स्ट्रीट हे नवे रस्ते काढण्यात आले. नदीकाठचा सखल टेम्स स्ट्रीट सुमारे तीन फूट भर घालून उंच केला, म्हणजे भरतीचे पाणी घरांत शिरू नये. भर रस्त्यात मांडलेले खाटकांचे व भाजीवाल्यांचे ठेले उचलून त्यांच्यासाठी हनी लेनसारख्या वेगळ्या मंडया करण्यात आल्या. जर्मन यांच्या आराखड्यावरून रॉयल एक्स्चेंज पुन्हा उभे राहून १६६९ मध्ये उघडले, आणि त्याच्या माडीवर दुकाने थाटली गेली. जळालेल्या घरांपेक्षा बांधलेली घरे संख्येने कमी भरली, सुमारे नऊ हजार. कारण पुष्कळांनी दोन अरुंद जागा जोडून एक ऐसपैस घर केले. काहींना बांधणे परवडलेच नाही व ते शहर सोडून गेले. फ्लीट ओढ्याचे चाळीस फूट रुंदीच्या कालव्यात रूपांतर करण्याचे कामही रेन व हूक यांनी पाहिले. गाळ उपसता उपसता कंत्राटदार मेटाकुटीस आला, पैसा अपार खर्च झाला, पण व्यापाराला तो कालवा फारसा उपयोगी पडला नाही व पुढल्या शतकात बुजविण्यात आला. सर्वच बेत फळाला येतात असे नाही.

१६७२ पासून हूक यांनी दैनंदिनी ठेविली होती. तीत त्यांची दिनचर्या दिसते. सकाळी एखाद्या इमारतीवर रेन यांच्यासमवेत, दुपारी कोठे तरी खुंट्या व दाखले, संध्याकाळी गॅरवेच्या कॉफीगृहात मित्रांशी चर्चा, आठवड्यास सोसायटीत प्रयोग, रात्री दुर्बीण. झोप थोडी, प्रकृती सदा नादुरुस्त, औषधांचे प्रयोग स्वतःवरच. याच काळात स्प्रिंगचा नियम प्रसिद्ध झाला, १६७८ मध्ये. दोन टोकांना धरून लोंबत सोडलेली साखळी जो आकार घेते, तोच उलटा केला की कमानीचा सर्वांत भक्कम आकार मिळतो, हा सिद्धान्तही त्यांचाच. सेंट पॉलच्या नव्या घुमटाच्या रचनेत रेन यांना या विचाराचा उपयोग झाला. रेन यांच्या नावावर असलेल्या ५१ चर्चांपैकी काहींत हूक यांचा हात होता, आणि नेमका कशात किती यावर विद्वानांचा वाद आजही चालू आहे. मूरफील्ड्समधील वेड्यांचे इस्पितळ, वैद्यांच्या महाविद्यालयाची वास्तू, माँटेग्यू यांची हवेली या त्यांच्या स्वतःच्या इमारती. शेवटली १६८६ मध्ये आगीतच जळाली. दुसऱ्या दोन्हीही आता उरलेल्या नाहीत.

राहिला तो अग्निस्तंभ. पुडिंग लेनजवळ १६७१ ते १६७७ या काळात उभारलेला हा दगडी स्तंभ २०२ फूट उंच आहे, आणि आग जेथे पेटली ती जागा त्याच्या पायापासून तितक्याच अंतरावर आहे. आत ३११ पायऱ्यांचा गोल जिना. हूक व रेन यांनी त्याची रचना करताना जिन्याच्या मधली पोकळी तळापासून शिखरापर्यंत मोकळी ठेविली व तळाशी एक खोली केली. तेथून तारे पाहावयाचे, अशी कल्पना. रस्त्यावरच्या गाड्यांच्या धक्क्यांनी ती फसली. तथापि पायऱ्या चढताना हवेचा दाब कसा घटतो हे हूक यांनी तेथेच वायुभारमापक घेऊन मोजले. स्मारक करावे आणि त्यात प्रयोगशाळाही साधावी, हे त्यांच्यावाचून दुसऱ्या कोणास सुचले असते असे वाटत नाही.

उत्तरायुष्य सुखाचे गेले नाही. न्यूटन यांच्याशी प्रथम प्रकाशाच्या प्रश्नावरून व नंतर गुरुत्वाकर्षणाच्या नियमाच्या श्रेयावरून तीव्र मतभेद झाले. दोघेही मानी. हूक यांचा स्वभाव या वादांनी अधिक संशयी व कडवट झाला, हे कबूल केलेच पाहिजे. पण त्यांच्या मृत्यूनंतर शतकानुशतके त्यांचे चित्र मत्सरी व चिक्कू म्हातारा असे रंगविले गेले, तो अन्याय होता. त्यांच्या घरी वाढलेली पुतणी ग्रेस १६८७ मध्ये वारली, आणि त्या आघातातून ते सावरले नाहीत. शेवटी दृष्टी गेली, पाय सुजले. ३ मार्च १७०३ रोजी ग्रेशम कॉलेजातील त्याच खोल्यांत त्यांनी देह ठेविला. खोलीत एक लोखंडी पेटी निघाली. तीत आठ हजार पौंडांहून अधिक रक्कम होती. मोजणीचे शुल्क, पाहणीचे शुल्क, इमारतींचा मेहनताना, असे शिलिंग शिलिंग करून साठलेले ते धन. रॉयल सोसायटीसाठी वास्तू, ग्रंथालय व व्याख्याने यांची सोय त्यातून करण्याचा त्यांचा मनोदय होता असे सांगतात. पण मृत्युपत्रावर सही झाली नव्हती, आणि सोसायटीस त्यातले काही मिळाले नाही. त्याच वर्षी न्यूटन सोसायटीचे अध्यक्ष झाले.

हूक यांचे विश्वासार्ह असे एकही चित्र आज उपलब्ध नाही. ते न्यूटन यांनी नष्ट करविले अशी वदंता आहे. तिला पुरावा नाही. त्यांना बिशपगेटच्या सेंट हेलन चर्चमध्ये पुरले होते; एकोणिसाव्या शतकात तेथील अस्थी हलविण्यात आल्या आणि त्यांची नेमकी जागा हरवली. सोसायटीच्या बैठकींची त्यांनी स्वहस्ते केलेली टिपणे तीनशे वर्षे बेपत्ता होती, ती २००६ मध्ये हॅम्पशरमधील एका घरात कपाटात सापडली व सोसायटीने मोठी किंमत देऊन मिळविली. मिल्स आणि ऑलिव्हर यांच्या मोजणीच्या वह्या लंडनच्या दप्तरात सुरक्षित राहिल्या. कोणत्या गल्लीत कोणाची जागा किती फूट किती इंच, ते तेथे आजही वाचावयास मिळते. हूक यांच्या वह्या मात्र मिळालेल्या नाहीत.